दोघांची आगाऊ नोंदणी

अंगठा ओला होता म्हणून सगळा घोटाळा झाला, नाहीतर मी इतका विचार करत बसणारी बाई नव्हे. नवशिक्यांचा तास नुकताच संपला होता, पोरं कपडे बदलायच्या खोलीत दंगा करत होती, आणि मी शिट्टी गळ्यात तशीच ठेवून तलावाच्या कडेला असलेल्या माझ्या काचेच्या केबिनमध्ये फोन घेऊन बसले होते. लेक आणि जावई यांनी मिळून आम्हाला बोटीच्या सफरीची तिकिटं दिली होती. तिकिटात फक्त खोली आणि रोजचं साधं जेवण. बोट जिथे जिथे थांबणार तिथल्या किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या, वरच्या मजल्यावरची खास जेवणघरं वेगळी; त्यांचे पैसे आधीच भरा आणि जागा धरून ठेवा, असा बोटीच्या कंपनीचा रोज एक गोड गोड निरोप येत होता. मी पहिली सहल उघडली. डोंगरावरचं जुनं दीपगृह. चित्र छान होतं. खाली प्रश्न, किती जण? आकडा त्यांनीच आधी घालून ठेवलेला होता, एक. शेजारी अधिकचं चिन्ह. मी ते दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं. ओल्या अंगठ्याला फोन दाद देईना. एकाचा आकडा तिथेच ठाण मांडून बसला होता, आणि त्याच्याकडे बघता बघता मला चित्र दिसायला लागलं. एक. मी एकटी. टोपी घालून, पायात माझे जुने कापडी बूट, डोंगरावर चढते आहे, कुणासाठी थांबत नाहीये, मागे वळून ‘येताय ना?’ विचारत नाहीये. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की लगेच वाईट वाटलं. मी फोन टेबलावर पालथा घातला. बाहेर पाण्यावरच्या लाटा अजून बसल्या नव्हत्या, तळाच्या निळ्या फरश्या हलत होत्या, आणि क्लोरीनचा तो वास, जो आयुष्यभर माझ्या केसांतून गेला नाही, तो एकदम नाकात चढला.

आमचे हे दोन वर्षांपूर्वीपर्यंत घरात सापडायचे नाहीत. नोकरी संपली तसे पायाला चाक लागल्यासारखे फिरायचे. वाचनालय, जुन्या ऑफिसातला एक मित्र, बाजारात काही घ्यायचं नसताना भाव विचारत हिंडणं. मग एक दिवस मोठ्या चौकात, चपलांच्या दुकानासमोर, रस्ता ओलांडताना यांना चक्कर आली आणि हे भर रस्त्यात खाली बसले. पडले नाहीत, लागलं नाही, काही नाही. गाड्या थांबल्या, माणसं जमली, कुणीतरी टॅक्सीत घालून घरी सोडलं. मी विचारलं, काय झालं, कसं झालं, तर म्हणाले, “एक जण म्हणाला, आजोबा, पाणी प्या.” एवढंच. चक्करेचं नव्हे, त्या ‘आजोबा’चं लागलं होतं. हृदय, कान, साखर, मेंदू, सगळं तपासून झालं. डॉक्टर म्हणाले ठणठणीत आहात, फिरायला जात जा. यांनी मान डोलावली, घरी आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, ते बसलेच. आज ऊन आहे. आज वारा आहे. बूट चावतोय. उद्या बघू. ही सगळी कारणं मला पाठ आहेत हो, पस्तीस वर्षं तलावावर मी हेच ऐकत आले. पाण्याला घाबरलेल्या पोराचं नेमकं तासाच्या दिवशी पोट दुखतं. पण पोराला दरडावता येतं. नवऱ्याला काय करणार? मी संध्याकाळी घरी यायची, दार उघडायची, आणि चपला काढायच्या आधी खुर्चीच्या पाठीवरून दिसणारं यांचं डोकं बघायची. मान ताठ असली की मग चपला. एखाद्या दिवशी मान कलंडलेली दिसेल, नुसती डुलकी नसेल ती, या धास्तीनं जिना चढताना माझे पाय जड व्हायचे, आणि मी तर अजून दिवसाकाठी तलावाच्या वीस फेऱ्या मारणारी. त्या खुर्चीला मी सवतीसारखं बघायला लागले होते. एकदा ती भंगारवाल्याला द्यायचाही विचार केला. पण हा माणूस लगेच दुसरी शोधेल, हे मला माहीत होतं.

सफरीला हे तयार झाले तेही याच हिशोबानं. लेकीनं तिकिटं हातात ठेवली तेव्हा चेहरा पडला, आणि मग ती म्हणाली, “बाबा, बोट म्हणजे घरच आहे, खोलीतून समुद्र दिसतो,” तेव्हा हे म्हणाले, “मग ठीक आहे.” म्हणजे काय, तर खुर्ची बदलायची फक्त, खिडकी बदलायची. बोट किनाऱ्याला लागेल, लोक उतरतील, आणि हे खोलीत बसून म्हणतील, दिसतंय की इथून सगळं, तू जाऊन ये. ‘तू जाऊन ये’ हे आमच्या घरातलं दोन वर्षांतलं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य. लग्नात जाऊन ये, बारशाला जाऊन ये, भाजी घेऊन ये. आणि मी जाऊन यायची. एकाचा आकडा काही त्या कंपनीनं आपल्या मनानं घातला नव्हता. माझ्याच घरात तो कधीचा रुळला होता.

पण माझ्याकडे एक हत्यार होतं, आणि ते मला त्या केबिनमध्ये, भिजल्या अंगानं बसल्या बसल्या आठवलं. आमचे हे विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात होते. नोकरीभर लोकांचे अर्ज वाचून कुठल्या कलमात बसत नाही ते शोधायचं काम. त्यामुळे की काय कोण जाणे, पण या माणसाला भरलेला पैसा वाया गेलेला सोसत नाही. कंजूष म्हणाल तर नाही. पैसे भरायला कधी मागेपुढे बघितलं नाही. पण एकदा भरले की मग आकाश कोसळलं तरी वसूल झाले पाहिजेत. लग्नाच्या पहिल्या वर्षी नाटकाची तिकिटं काढली होती, आणि त्या दिवशी यांना सणसणून ताप. मी म्हटलं राहू द्या. छे! मफलर गुंडाळून गेले, तीन अंक दात वाजवत बसले, नाटक भिकार होतं, तरी शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लेक आठ-नऊ वर्षांची असताना तिला चित्रकलेच्या वर्गात घातलं, महिन्याभरात ती कंटाळली, जाणार नाही म्हणून भोकाड पसरलं. वर्षाची फी भरलेली. तर उरलेले वर्ग हे स्वतः गेले! शनिवारी दुपारी, एवढा बाप्या, बुटक्या स्टुलावर पोरांच्या रांगेत बसून मातीच्या मडक्याचं चित्र काढायचे. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, आपण कोण? हे म्हणाले, “मी तिच्या बदली.” ते मडकं अजून आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, एका बाजूला कललेलं, आणि खरं सांगते, वाईट नाहीये.

आणि हे सगळं मला कळायला काही नवऱ्याचीच गरज होती असं नाही; माझा धंदाच त्यावर उभा आहे. मला ज्यांनी हे काम शिकवलं त्या म्हाताऱ्या सरांचा एकच दंडक होता. फी सबंध सत्राची, पाण्यात पाय घालायच्या आधी. रोजच्या रोज पैसे घेतलेस, तर ते म्हणायचे, पोरगं रोज सकाळी अंथरुणात पडून ठरवणार, जायचं की नाही, आणि थंडीत कुणीही तेच ठरवेल जे तू-मी ठरवू. भीतीला रोज उठून विचारायचं नाही. एकदाच ठरवायचं, ऊन असताना, अंग कोरडं असताना, आणि मग फक्त यायचं. दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती हाताची. पोराला पाठीवर निजवायचं, कान पाण्यात, हनुवटी वर, पोट आभाळाकडे, आणि पाठीखाली आपला तळहात. ‘आहे ना हात?’ ते विचारतं. ‘आहे.’ ‘आहे ना?’ ‘आहे, आहे.’ आणि बोलता बोलता हात काढून घ्यायचा. पोर तरंगत असतं आणि त्याला ठाऊक नसतं. मग मी शिट्टी वाजवते, एक लांबलचक, आणि तलावावरचे सगळे, अगदी पलीकडचे मोठे पोहणारेसुद्धा, थांबून टाळ्या वाजवतात. हा आमच्या तलावाचा रिवाज आहे. किती पोरं मी अशी खोटं बोलून तरंगवली असतील. फक्त घरचा माणूस राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पोहण्याच्या बाईंचा नवरा गुडघाभर पाण्यात गेला नाही कधी. दर उन्हाळ्यात म्हणायचे, “या वर्षी शिकव हं मला.” मी म्हणायची, “या की.” का नाही आले, ते मला त्या दिवशी ओला अंगठा बघताना लख्ख कळलं. मी त्यांच्याकडून कधी फी घेतली नव्हती! फुकट ते पौष्टिक म्हणतात. या माणसाला फुकटचं पचतच नाही.

मी उठले, टॉवेलला अंगठा खसाखसा पुसला आणि अधिकचं चिन्ह दाबलं. दोन. मग मी थांबलेच नाही. दीपगृह, दोन. खडकांच्या आतल्या शांत पाण्यावरची पोहण्याची सहल, दोन. तिथे हे वाळूवर बसतील, हरकत नाही, पण उतरतील तरी. वरच्या मजल्यावरचं काचेचं जेवणघर, पहिल्याच संध्याकाळी, दोन. सगळे पैसे तिथल्या तिथे भरून टाकले. शेवटी बारीक अक्षरात अटी आल्या. सहल दोन दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास आणि जेवण आदल्या दिवसापर्यंत रद्द केल्यास सर्व रक्कम परत. ते मी वाचलं. वाचून एकदा बाहेर पाण्याकडे बघितलं आणि ठरवलं की हे मी वाचलेलं नाही. घरी गेले. डोकं खुर्चीच्या वर, ताठ. चपला काढल्या.

“पैसे भरलेत मी,” मी पाणी पिता पिता म्हटलं. “सहलींचे, वरच्या जेवणाचे. दोघांचे.”

“दोघांचे?” खुर्ची कुरकुरली. “मला विचारलं नाहीस?”

“विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?”

“नको म्हणालो असतो.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

“मग माझे रद्द कर.”

“होत नाहीत. एक पैसा परत मिळत नाही. भरले ते गेले.”

माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. ‘आहे, आहे, हात आहे’ म्हणणारा तोच आवाज तो. यांनी डोळे मिटून कपाळावर हात मारला, “काय बाई आहे!” असं खिडकीला सांगितलं. पण जेवताना, भात कालवता कालवता, खाली बघूनच विचारलं, “दीपगृहाला पायऱ्या आहेत का गं?” मी तोंडात घास ठेवून नुसतं हसले. मनात मात्र वेगळंच. समजा खरंच काही झालं तर? परक्या किनाऱ्यावर, पायऱ्यांवर, पुन्हा चक्कर, पुन्हा माणसं गोळा, पुन्हा कुणीतरी ‘आजोबा’. मग सगळं जग मला म्हणेल, बिचारा घरी सुखानं बसला होता, हिनं ओढत नेला. मी पोरांना पाण्यात ढकलते तेव्हा मला माझ्या हातांची खात्री असते. इथे हात कशाखाली धरायचा तेच माहीत नव्हतं.

बोटीवर आम्ही खोलीत शिरलो आणि मी पिशव्या ठेवेपर्यंत यांना खुर्ची सापडली होती. खिडकीजवळच. बसले, हात मांडीवर, आणि म्हणाले, “छान आहे.” मला रडू यायचं बाकी होतं. इतक्या लांब येऊन तीच पाठ, तेच डोकं, फक्त पलीकडे इमारतींच्या जागी पाणी. संध्याकाळ झाली. मी साडी बदलली, केस विंचरले, बोलले काही नाही. सरांचं ऐकायचं, भीतीला विचारायचं नाही. दाराशी जाऊन उभी राहिले तेवढ्यात हे उठले, कोट घातला, आरशात बघून गळ्याचं बटण लावलं आणि म्हणाले, “चल. पैसे भरलेत.” जिन्यात माणसं होती, गर्दी होती, यांनी कठडा घट्ट धरला होता, बोटांची पेरं पांढरी झालेली मला दिसत होती. वर सगळीकडे काच, टेबलावर दिवा, आणि एक उंच वेटर एकेक पदार्थ असा आणत होता की जणू आम्हीच बोटीचे मालक. आधी सूप, मग मासा, मग काहीतरी छोटंसं, जिभेवर ठेवलं की विरघळणारं. हे पहिल्यांदा चिमणीच्या चोचीएवढं खात होते. मग वेटरनं भाजलेला मासा काट्यापासून असा अलगद वेगळा केला की हे पुढे वाकून बघायला लागले, आणि चक्क त्याला म्हणाले, “पुन्हा एकदा दाखवा.” शेवटची बशी पावाच्या तुकड्यानं पुसून लख्ख केली. “वसूल,” म्हणाले. दोन वर्षांत मी त्यांच्या दातांत माशाचा काटा अडकलेला आणि चेहऱ्यावर हसू असं एकत्र पाहिलं नव्हतं. मला वाटलं उठून वेटरच्या पाठीवर थाप मारावी.

दुसऱ्या दिवशी बोट नुसती चालत होती, आणि सकाळी मी अंघोळीहून आले तर हे चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेऊन काहीतरी वाचत होते. मला बघून पालथा घातला. संध्याकाळी म्हणाले, “जरा पाय मोकळे करून येतो.” मी आ वासला. एकटे? दार लागलं, मी एक क्षण थांबले आणि निघाले मागोमाग, अनवाणीच. लांब गालिचा, दोन्ही बाजूंना सारखी दारं, आणि टोकाला यांची पाठ, भिंतीला एक हात लावून सावकाश चाललेली. खालच्या मजल्यावर सहलींची खिडकी होती. हे तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. खिडकीतल्या मुलीशी बोलत होते, ती मान हलवत होती, तिनं कुठेतरी बोट दाखवलं. संपलं. रद्द करताहेत. पोहण्याच्या सहलीची मुदत आजच संपत होती, आणि विम्यात मुरलेल्या माणसापासून मी अट लपवायला निघाले होते! कुणाला शिकवतेय मी? आजीबाईला बाळंतपण? मी खांबाच्या आड उभी, पायाखाली बोटीची ती बारीक थरथर, आणि मनात आलं की जाऊन हाताला धरून आणावं. गेले नाही. परत खोलीत येऊन पलंगावर बसले. हे आले, खुर्चीत बसले. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर माझंही खोटं उघडं पडलं असतं. मी भिंतीकडे तोंड करून मनाशी म्हणत राहिले, जाईन मी एकटी, जाईन, मला कुठे नवीन आहे ते.

पण सकाळी हे माझ्या आधी उठले होते. दाढी झालेली, पायात तेच चावरे बूट. दीपगृहाची बस निघाली तेव्हा हे माझ्या शेजारी होते, आणि मला काही कळेना. डोंगराच्या पायथ्याशी सगळे उतरले. वर जायला दगडी पायऱ्या, वळत वळत गेलेल्या. यांनी वर बघितलं. मी तो चेहरा ओळखते. तलावाच्या कडेला पायाची बोटं आत ओढून घेतलेलं पोर. मग यांनी वाटाड्या मुलीला विचारलं, “वर चढणं सहलीतच धरलंय का?” ती म्हणाली, “हो, सगळं धरून आहे.” “म्हणजे त्याचेही पैसे भरलेत.” आणि पहिली पायरी चढले. अर्ध्यावर थांबले. वारा होता, खाली समुद्र एकदम खोल दिसला असेल. चेहरा पांढराफटक, दोन्ही हात कठड्यावर. लोक बाजूनं जात होते. मी एक पायरी खाली उभी, हात पुढे केले आणि मागे घेतले. धरलं असतं तर खाली घेऊन यावं लागलं असतं. “फुंकर घाला,” मी म्हटलं. “मेणबत्ती विझवल्यासारखी. लांब.” यांनी घातली. पुन्हा घातली. मागून एक तरुण जोडपं आलं आणि तो मुलगा म्हणाला, “आजोबा, बरं वाटतंय ना?” मी डोळे मिटले. हे म्हणाले, “उत्तम वाटतंय. तुमचं काय? दमलात?” आणि निघाले. वर पोचल्यावर वाऱ्यानं यांची टोपी उडवली, ती गिरक्या घेत खाली गेली, आणि हे मोठ्यानं हसले, पोटापासून. मी दीपगृहाच्या भिंतीला टेकून रडले, आनंदानं, दुसरं काय. कुणी बघितलं असेल तर बघू दे.

आणि मग तो दिवस. होडीनं आम्हाला खडकांच्या आत आणून सोडलं. पाणी काचेसारखं, तळाची वाळू दिसत होती, आमच्या होडीतली मंडळी पटापट पाण्यात गेली. मी टॉवेल अंथरला, यांच्यासाठी सावलीची जागा बघितली, पाण्याची बाटली ठेवली. “बसा हं, मी एक फेरी मारून येते.” “थांब,” हे म्हणाले. पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पोहण्याची चड्डी. निळी, नवी कोरी, दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती. “त्या खिडकीतल्या मुलीला विचारलं, बोटीवर मिळते का. वरच्या दुकानात मिळाली. जरा घट्ट आहे.” छातीपर्यंत पाण्यात गेलो. थंडीनं यांचे दात वाजत होते, खांदे कानाला लागले होते, आणि मी शपथेवर सांगते, पस्तीस वर्षांत इतकी भित्री बाई झाले नव्हते मी. “कान पाण्यात,” मी म्हटलं. “हनुवटी वर. पोट आभाळाकडे.” यांनी डोकं मागे टाकलं. तळहाताखाली त्यांची पाठ, हाडं, थरथर. एवढी वर्षं शेजारी निजलेली पाठ अशी पाण्यात हलकी झालेली मला ठाऊकच नव्हती. “आहे ना हात?” “आहे.” खारं पाणी माणसाला लवकर उचलतं. थरथर थांबली. खांदे खाली आले. पांढरे केस पाण्यावर पसरले, आणि ते डोकं, जे मी रोज दारातून तपासायची, पाण्यावर निवांत पडलं होतं. “आहे ना?” “आहे, आहे.” मी हात काढून घेतला.

कान पाण्यात असल्यामुळे हे जरा ओरडूनच बोलत होते. “एक सांगू?”

“बोलू नका, पोट खाली जातं.”

“पैसे परत मिळत होते.”

मी यांच्या तोंडावर येणारं पाणी बाजूला सारलं.

“सहलीचे दोन दिवस आधीपर्यंत. जेवणाचे आदल्या दिवसापर्यंत. तू सांगितलंस त्याच दिवशी वाचलं होतं मी. तू झोपलीस तेव्हा. काल-परवा परत एकदा वाचून खात्री केली.”

“मग रद्द का नाही केलंत?”

हे आभाळाकडे बघत होते. “जन्मभर कलम सापडलं की वापरलं,” ते म्हणाले. “म्हटलं, एकदा सापडूनही सोडून बघू. प्रत्येक मुदतीच्या दिवशी वाटायचं, आज सांगावं. मग मुदत जाऊ द्यायचो.”

“आणि त्या पायऱ्यांपाशी? सहलीत धरलंय का म्हणून विचारत होतात?”

“चढायला काहीतरी कारण लागतं गं माणसाला.” मग, तसेच आभाळाकडे बघत, “हात काढलायस ना तू?”

“कधीच.”

“सांगितलं नाहीस.”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत?”

यांना हसू फुटलं, हसताना नाकातोंडात पाणी गेलं, आणि हे गटांगळी खाऊन उभे राहिले, खोकत, डोळे लाल, केस कपाळावर चिकटलेले. मी दोन्ही हातांनी दंड धरला. “चला, वाळूवर बसू जरा,” मी म्हटलं. “पुरे झालं आजच्याला.” यांनी माझे हात एकेक करून सोडवले. “पुरे कसं? होडी यायला वेळ आहे अजून. पैसे भरलेत आपण,” असं म्हणून मला हातभर मागे सारलं, एक लांब फुंकर घातली आणि आपणहून स्वतःला पाठीवर झोकून दिलं. तरंगले. कुणाचाही हात नव्हता आणि त्यांना ते माहीत होतं. शिट्टी घरी राहिली होती. मी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी लांबलचक वाजवली की पोहणारे सगळे जागच्या जागी थांबून आमच्याकडे बघायला लागले.